ढोल बांधून घेतलेलं माप

हिराताई कुदळ्यांच्या दुकानात पहिल्यांदा आलेली बाई हमखास गोंधळते. कसबा पेठेत एका इमारतीच्या जिन्याला लागून आठ बाय दहाचं दुकान. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे आरसा. इथवर सगळं चारचौघांसारखं. शिवलेला ब्लाउज घालून बाई आरशासमोर उभी राहते, पोट आत घेते, खांदे मागे टाकते आणि म्हणते, "बसलाय हो छान!"

पडद्याबाहेरून आवाज येतो, "डबा काढलात का?"

"कसला डबा?"

"वर फळीवर आहे तो. खाली काढा, परत वर ठेवा. मग स्टुलावर बसा आणि वाकून चपलेचा पट्टा लावा."

मी पहिल्यांदा गेले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा मी वैतागून म्हटलं होतं, "अहो, मला हा लग्नाला घालायचाय. डबे काढायला नाही."

"लग्नात नुसत्या उभ्या राहणार आहात का? अक्षता टाकाल, भाचीला मिठी माराल, वरच्या बर्थवर बॅग टाकाल. काढा डबा."

डबा काढताना काखेत बारीकसं 'कर्र' झालं. मी डबा परत वर ठेवला. पण ते त्यांना बाहेर ऐकू गेलं होतं. "उतरवा," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी तोच ब्लाउज मिळाला तो अजून माझ्या कपाटात आहे आणि अजून होतो.

माणूस आरशासमोर जसा उभा राहतो तसा दिवसभरात पुन्हा कधीच उभा राहत नाही, हे हिराताईंचं आयुष्यभराचं निरीक्षण. आणि हे निरीक्षण त्यांनी ट्रायल रूमच्या बाहेर उभं राहून केलेलं आहे. स्वतःचं दुकान काढायच्या आधी एकोणीस वर्षं त्या लक्ष्मी रस्त्यावरच्या एका तयार कपड्यांच्या दुकानात होत्या. काम असं की आत जाणाऱ्या बाईला तीन कपडे मोजून द्यायचे, बाहेर येताना तीन मोजून घ्यायचे, आणि कुठे आत घ्यायचं, कुठे उसवायचं असेल तर जिन्याखालच्या मशीनवर तिथल्या तिथे करून द्यायचं.

आत गेलेली बाई किती वेळ लावते, यावरून त्यांना आतलं सगळं कळायचं. पटकन बाहेर आली तर झालाच नाही. फार वेळ लावला तर होत नाहीये, पण आवडलाय. त्या पडद्याच्या फटीतून एक नंबर मोठा ड्रेस आत सरकवायच्या. काही न बोलता. आतून हात यायचा, घ्यायचा. कित्येक बायकांचा चेहराही त्यांना आठवत नाही, हात आठवतात.

न बोलण्याला कारण होतं. दुकानातले सेल्समन काउंटरवरून माळ्याकडे बघत ओरडायचे, "मॅडमना डबल एक्सेल टाक रे खाली!" अख्खं दुकान वळून बघायचं. मॅडम ओढणी पुढे घ्यायच्या आणि पुढच्या पाच मिनिटांत काहीतरी कारण काढून निघून जायच्या. हिराताई एकदा मालकांना म्हणाल्या, "शेठ, नंबर ओरडायचा बंद करा. बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे मिडियम, दोन म्हणजे लार्ज."

शेठ म्हणाले, "हिराबाई, हे कापडाचं दुकान आहे, क्रिकेटची मॅच नाही."

पण चार महिन्यांनी बोटं सुरू झाली. कारण हिराताईंच्या बाजूला उभ्या असलेल्या बायका रिकाम्या हाताने परत जात नाहीत, हे शेठना दिसत होतं.

कपडा घालून काम करून बघायची सवय मात्र घरातून आली. त्यांचे यजमान तात्याराव शहर बससेवेत ड्रायव्हर होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी दुकानातून खाकी शर्ट आणला, आरशात बघितला, कॉलर ताठ केली, ड्यूटीवर गेले. स्वारगेटच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि शर्ट पाठीवर उभा फाटला. संध्याकाळपर्यंत पाठ सीटला चिकटवून बस चालवली. घरी आल्यावर हिराताईंनी त्यांना पाटावर बसवलं, हातात परात दिली आणि म्हणाल्या, "फिरवा."

"काय फिरवू?"

"बस चालवता तशी फिरवा. मला पाठीचं माप घ्यायचंय."

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. पण त्या रात्री बेतलेला शर्ट तात्यारावांनी सात वर्षं घातला, आणि डेपोतले आणखी अकरा ड्रायव्हर परात फिरवायला कुदळ्यांच्या घरी येऊन गेले.

अशा बाईची मुलगी ऋतुजा. वय सव्वीस, खराडीला एका कंपनीत. तिचे सगळे कपडे खोक्यातून येतात. दाराची बेल वाजली की तात्याराव चष्मा न शोधताच म्हणतात, "ऋतू, तुझं पार्सल." तीन मागवायचे, एक ठेवायचा, दोन परत. हिराताईंना याचा राग नव्हता. त्यांना चिंता वाटायची ती वेगळीच. मुलगी खोलीचं दार लावून कपडा घालून बघते, आरशात फोटो काढते, मैत्रिणींना पाठवते, त्या बदामाचं चिन्ह पाठवतात, की झालं. हात कुणी वर करून बघत नाही.

"आई, फोटोत छान दिसतोय ना? मग?"

"फोटोत तू हलत नाहीस."

"आणि दुकानात गेले की काय होतं, तुला माहितीये ना? तूच सांगायचीस. ओरडतात. इथे कोण ओरडतं? मी काय मागवलं ते मला आणि त्या पार्सलवाल्याला माहीत. त्यालाही नाही."

मुलगी म्हणते ते खरं आहे, हे हिराताईंना त्या क्षणी लख्ख कळलं. इतक्या बायका दुकानं सोडून फोनकडे का वळल्या, याची त्यांनी ऐकलेली सगळी कारणं सोय, वेळ आणि व्हरायटी अशी होती. हे कारण कुणी सांगत नव्हतं. त्यांनी एकोणीस वर्षं ज्यासाठी बोटं वापरली, ते काम फोनच्या पडद्याने करून टाकलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी पार्सलांना नावं ठेवायचं बंद केलं.

ऋतुजा ढोलपथकात वाजवते. पाचवं वर्ष. पथकात शहाण्णव वादक, त्यात अडतीस मुली. गणपतीआधी दोन-अडीच महिने नदीपात्रात सराव चालतो. या वर्षीच्या पोशाखाची जबाबदारी ऋतुजाकडे आली होती, आणि ती तिने मागून घेतली होती. कारण होतं दीपाली सातव.

दीपाली वाघोलीची. घरची शेती होती, आता बरीचशी इमारतींखाली गेली. ती स्वतः बँकेत आहे. उंच, रुंद खांद्यांची, आणि पथकातला सगळ्यात भरदार हात तिचा. पथकप्रमुख विक्रम म्हणायचा, "दीपाली पहिल्या रांगेत असली की मागच्यांनी नुसतं टिपरू हलवलं तरी चालतं." गेल्या वर्षी पथकाने कुर्ते एका दुकानातून घेतले. तिथल्या माणसाने दीपालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "यांचं जेन्ट्समध्ये बघा. नाहीतर हाच घ्या, ताणून होईल." तिने तो घेतला. तो अनंत चतुर्दशीला, ऐन गर्दीत, काखेपासून कमरेपर्यंत फाटला. समोर शंभर मोबाइल वर धरलेले. ऋतुजाने स्वतःचं उपरणं सोडून तिच्याभोवती गुंडाळलं. दीपालीने ढोल खाली ठेवला तो ठेवलाच. वर्षभर पथकाच्या ग्रुपवर एक शब्द नाही.

ऋतुजा तीन वेळा तिच्या घरी गेली. चौथ्या वेळी दीपाली म्हणाली, "येते. पण मी दुकानात मापाला उभी राहणार नाही."

"नकोच राहूस. ऑनलाइन मागवतोय. कुणाला दिसणार नाही," ऋतुजा म्हणाली.

घरी हिराताईंनी विचारलं होतं, "माझ्याकडे का नाही पाठवत सगळ्यांना?"

"शहाण्णव जण? आई, सगळे नोकरीवाले आहेत. कोण येणार डबे काढायला?"

हिराताईंनी भाजीचं ताट पुढे सरकवलं आणि विषय संपला. म्हणजे ऋतुजापुरता संपला.

पथकाच्या ग्रुपवर ऋतुजाने मापांचा एक तक्ता टाकला. प्रत्येकाने आपापल्या नावासमोर नंबर भरायचा. चार दिवसांत भरला. ऑर्डर गेली. छातीवर पथकाचं नाव छापून घ्यायचं होतं, त्यामुळे छापलेला माल परत घेणार नाही, असं कंपनीने आधीच कळवलं होतं. सगळं रीतसर. गणपतीला बारा दिवस असताना चार मोठी खोकी आली, आणि त्या रविवारी नवे कुर्ते घालून सराव ठरला.

रविवारी ऋतुजा सरावाहून आली, सरळ अंघोळीला गेली, आणि जेवायलाही आली नाही. हिराताई कपडे भिजवायला गेल्या तर बादलीत तळाशी, टॉवेलखाली दडवलेला पांढरा कुर्ता. उजव्या काखेत वीतभर फाटलेला. त्यांनी तो उजेडात नेला. शिवण शाबूत होती. कापड फाटलं होतं. शिवण उसवली तर शिवणाऱ्याची चूक. कापड फाटलं तर मापाची.

त्यांनी कॉलरवरचा नंबर पाहिला आणि ऋतुजाच्या खोलीत गेल्या.

"हा तुझा कुर्ता?"

"हो."

"यावर मिडियम लिहिलंय."

ऋतुजाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुला काय लागतं ते मला माहीत नाही का? तू जन्मलीस तेव्हाचं झबलं मी शिवलंय. मिडियम का लिहिलंस?"

"आई, तक्ता सगळ्यांना दिसत होता ना." ऋतुजा भिंतीकडे बघत म्हणाली. "विक्रमला, सगळ्या मुलांना. माझ्या वरती तनुजाने स्मॉल लिहिलं होतं. तिच्याखाली मी एक्स्ट्रा लार्ज कसं लिहू?"

हिराताई पलंगावर बसल्या. "तनुजा? ती स्मॉल? तिचा पंजाबी ड्रेस मी शिवलाय."

"म्हणजे बघ."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अडतीसपैकी एकोणीस मुलींचे कुर्ते सरावात काखेत फाटले किंवा फाटायला आले. बाकीच्या कोपर कमरेला चिकटवून वाजवत होत्या, पाकीट सांभाळत बसमध्ये उभं राहतात तशा. आवाज असा निघाला की विक्रमने सराव अर्ध्यावर थांबवला. आणि दीपालीने लार्ज भरलं होतं. तिचा कुर्ता दंडाच्या वर चढलाच नाही. ती कुर्ता घडी करून ढोलावर ठेवून गेली. फोन उचलत नाही.

"मीच तिला म्हटलं होतं, कुणाला दिसणार नाही," ऋतुजा म्हणाली आणि रडायला लागली. "आणि तक्ता मीच ग्रुपवर टाकला. माझ्या डोक्यातच आलं नाही, आई."

हिराताईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तो तक्ता दाखव."

फोन हातात घेऊन त्यांनी बोटाने खाली खाली सरकवत सगळा तक्ता वाचला. मुलींचे नंबर वाचताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मुलांचे सुरू झाले तसे ते हलले. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या.

"विक्रमने डबल एक्सेल लिहिलंय?"

"हो. का?"

"तो पोरगा आडवा झाला की बांबू दिसेल. हा ऋषभ कोण? ट्रिपल?" त्या चक्क हसायला लागल्या. "अगं, मुलींनी दोन-दोन नंबर खाली लिहिलेत आणि मुलांनी दोन-दोन वर. पथकाला कापड कमी पडलेलंच नाही. ते चुकीच्या अंगावर आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विक्रम दुकानात आला. दोन वर्षांपासून जिमला जातो. कुर्ता त्याच्या खांद्यावरून पडद्यासारखा खाली आला होता.

"काकू, मुलींचे दुरुस्त करा, काही म्हणणं नाही. पण मुलांचे लहान करायचे? पोरं ऐकणार नाहीत. लूज लूकच ठेवलाय आम्ही."

"हात वर कर," हिराताई म्हणाल्या. त्यांनी टेप छातीभोवती फिरवली, अंगठा आकड्यावर धरला, टेप त्याच्या डोळ्यांसमोर नेली आणि अंगठा बाजूला केला. विक्रमने आकडा पाहिला. दुकानात आणखी दोन बायका फॉल लावून घ्यायला बसल्या होत्या. हिराताईंनी टेप गुंडाळून ठेवली. तोंडातून अक्षर नाही.

विक्रमने खांद्यावरून घसरलेला कुर्ता वर ओढला. मग म्हणाला, "पोरांना उद्यापासून पाठवतो."

"एकेकाला पाठव. घोळका नको. आणि मुलींना सांग, ढोल घेऊन यायचं."

"ढोल? इथे?"

"मग काय, डबा काढून ढोलाचं माप घेऊ?"

पुढचे आठ दिवस त्या गल्लीने जे सोसलं ते कसब्यानेच सोसावं. सकाळी अकरापासून एकेक मुलगी रिक्षातून ढोल घेऊन उतरायची. पडद्यामागे कमरेला दोर आवळून ढोल बांधायची. हिराताई मागे उभ्या, हातात खडू. "वाजव. नाही, तसं हळू नाही. विसर्जनाला वाजवतेस तसं." मुलगी वाजवायची, हात वर जायचा, आणि जिथे कापड ओढलं जाईल तिथे हिराताई चालत्या हातावर खडूची रेघ मारायच्या. ढोलाच्या दोराने कुर्ता कमरेशी जखडला जातो, वरून हात ओढतो, आणि मधल्या मध्ये काख मरते. हे त्यांना पहिल्याच मुलीत कळलं. तयार कुर्ता शिवणाऱ्याला ढोलाचा दोर कुठून माहीत असणार? त्याने हात खाली सोडून उभ्या असलेल्या माणसासाठी कुर्ता शिवलेला.

समोरच्या पहिल्या मजल्यावरून विमलाबाई ओरडल्या, "हिराताई, गणपती अजून यायचेत!"

"त्यांना घ्यायलाच निघालोय, विमलाबाई. खिडकी लावून घ्या."

"खिडकी लावली की उकडतं."

"मग ऐका."

मुलांच्या कुर्त्यांच्या दोन्ही बाजू उसवून तीन-तीन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या निघायला लागल्या. त्याच थानाच्या, त्याच पांढऱ्या रंगाच्या. पांढऱ्यात पांढरा मिळवणं सगळ्यात कठीण, हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला विचारा. इथे तो प्रश्नच नव्हता. त्या पट्ट्या मुलींच्या कुर्त्यांना काखेपासून खालच्या कटापर्यंत बसल्या, आणि काखेत चौकोनी तुकडा तिरपा घातला, की हात वर गेला तरी कुर्ता जागचा हलत नाही. ऋतुजा ऑफिसातून आली की दुकानात खाली बसून उसवायची. पहिल्या दिवशी तिने तीन ठिकाणी कापडाला ब्लेड लावलं. हिराताई म्हणाल्या, "टाका काप. कापडाशी तुझं भांडण नाही." चौथ्या दिवशी ती न बघता उसवायला लागली.

"आई, कुणाचं माप किती हे तू लिहून कुठे ठेवतेस?" तिने विचारलं.

"कपड्यावरच खडूने. इस्त्री केली की जातं."

राहिली दीपाली. ऋतुजाने सहा फोन केले होते. पहिल्याच मंगळवारी दुपारी हिराताईंनी स्वतःच्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर म्हणून तो उचलला गेला.

"मी ऋतुजाची आई. उद्या चारनंतर दुकानाला सुट्टी आहे. तेव्हा ये."

"काकू, मी या वर्षी..."

"वाजवायला ये असं मी म्हटलंच नाही. सुट्टी आहे, चहाला ये."

बुधवारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दीपाली वाकून आत आली. चहा झाला. वाघोलीचं, बँकेचं, तिच्या आजीच्या गुडघ्याचं बोलणं झालं. मग हिराताईंनी ऋतुजाचा ढोल पुढे ओढला.

दीपाली म्हणाली, "माझ्या मापाचा कुर्ता त्यांच्याकडे नाहीच. मी साइटवर बघितलं. तक्ता संपतो, मग मी सुरू होते."

"एका पोराला कंपनीने बंगळुरूला पाठवलंय. त्याचा ट्रिपल एक्सेल तसाच पडलाय. तो आणि पट्ट्या. उभी राहा."

"आकडा सांगू नका, काकू."

"तू विचारलास तरी सांगणार नाही."

टेप फिरली. खडूची टिकटिक झाली. हिराताईंनी कच्चे टाके घालून कुर्ता तिच्या अंगावर चढवला आणि ढोलाचा दोर आवळला. दीपालीने कोपर अंगाशी ठेवून दोन थापा मारल्या.

"हे कसलं वाजवणं?" हिराताई म्हणाल्या. "हे तर मी पापडाला मारते."

दीपालीला हसू आलं. टिपरू थोडं वर गेलं. आणखी थोडं. खांद्यापर्यंत आल्यावर ती थांबली आणि हात तिथेच धरून काखेकडे बघायला लागली.

"तिकडे मी बघतेय," हिराताई म्हणाल्या. "तू ढोलाकडे बघ."

आणि मग जो टोल पडला त्याने शटर थरथरलं. समोरून विमलाबाईंचा आवाज आला, "अहो, आज तर सुट्टी आहे ना?" दीपाली थांबली नाही. दहा मिनिटांनी तिने ढोल उतरवला तेव्हा डाव्या काखेतला कच्चा टाका सुटला होता. उजवीकडचे शाबूत होते. हिराताईंनी सुटलेला टाका बोटाने चाचपला. "अर्धं बोट अजून देते. शनिवारी ने."

"शनिवारी मी आलेच नाही तर?"

"तर कुर्ता इथे राहील. तुझ्याशिवाय कुणाला व्हायचा नाही तो. मला काही घाई नाही."

शनिवारी कुर्ता नेला ऋतुजाने. दीपाली येणार की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं.

गणेश चतुर्थीला सकाळी हिराताई घरची पूजा आटपून तात्यारावांबरोबर आगमनाची मिरवणूक बघायला निघाल्या. बघायला म्हणजे तपासायला. पथक चौकात उभं राहिलं, भगवे ध्वज नाचायला लागले, लोकांनी माना वर केल्या. हिराताईंनी नाही केली. त्यांची नजर खांद्याखाली, ओळीने, एकेका काखेवरून सरकत होती. तनुजा, ठीक. ऋतुजा, ठीक. तिच्या शेजारी, पहिल्या रांगेत डाव्या टोकाला, दीपाली. आली होती. पण कोपर अंगाशी. समोर तेच मोबाइल, तसेच वर धरलेले, आणि तिचा हात छातीच्या वर जात नव्हता.

"काय झालं?" तात्यारावांनी विचारलं. हिराताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"गप्प बसा."

ताशाने चाल बदलली. ढोल एकदम उठले. ऋतुजाने वाजवता वाजवता दीपालीकडे पाहिलं, पण दीपाली कुणाकडेच बघत नव्हती. ती ढोलाकडे बघत होती. टिपरू खांद्यापर्यंत गेलं. खाली आलं. मग डोक्याच्या वर गेलं, पूर्ण हात ताणून, आणि उतरलं तेव्हा चौकातल्या दुकानांच्या पाट्या हादरल्या. पुन्हा वर. पुन्हा. काखेतला तो चौकोन प्रत्येक वेळी उघडत होता आणि मिटत होता, टाका न टाका जागेवर. तिच्यासकट अडतीसच्या अडतीस पोरींचे हात एका वेळी वर गेले.

शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "काय वाजवतायत हो पोरी!"

"शिवण बघा," हिराताई म्हणाल्या. "वाजवणं काय, वाजवतीलच."

तात्याराव दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत होते. गुलाल गेला म्हणाले. गुलाल अजून उधळलाच नव्हता.

पाऊण तासाने पथक विसाव्याला थांबलं. मुली पाण्याच्या बाटल्यांभोवती जमल्या. दीपाली घामाने निथळत सरळ हिराताईंकडे आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. हिराताईंनी भररस्त्यात दोन्ही काखा बोटांनी ओढून पाहिल्या, आधी डावी, मग उजवी.

"जा," त्या म्हणाल्या. "अजून पुढचा चौक आहे."

दुसऱ्या एका पथकातल्या दोघी-तिघी मुली बाजूला आपल्या वादनाची वाट बघत थांबल्या होत्या. त्यातली एक ऋतुजाच्या कुर्त्याच्या बाजूची पट्टी निरखत होती. तिच्या स्वतःच्या कुर्त्याच्या काखेत तीन सेफ्टी पिना होत्या.

"कसला भारी बसलाय! कुठून मागवलेत? लिंक पाठव ना."

ऋतुजाने पाण्याचा घोट घेतला. मान वळवून आईकडे पाहिलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लिंक नाही. कसबा पेठ, हिरा कुदळे. माझी आई. ढोल घेऊन जा."

हिराताईंनी पदर नीट केला.

"अकराच्या आधी नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि एकेकीने."